मॉरिशसचा राघू

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत राघूचा पिंजरा ही देव्हाऱ्याइतकीच ठरलेली वस्तु होती. ओसरीच्या तुळईला तो टांगलेला असे. सकाळीं त्यांत भिजविलेली हरभऱ्याची डाळ आणि एखादी हिरवी मिरची पडे, आणि घरांतलीं मुलें शाळेंत जाण्यापूर्वीं त्याच्याकडून 'विठू विठू' वदवून घेत. १९७२ च्या वन्यजीवसंरक्षण कायद्यानंतर हा पिंजरा हळूहळू घरांतून गेला, आणि गेला तें बरेंच झालें; परंतु राघूची ओळख मात्र गेली नाहीं. हिरवें अंग, लाल बांकदार चोंच, नराच्या गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी, लांबलचक शेंपूट, आणि शेतांतून थवा उठला म्हणजे कान किटविणारा कलकलाट! हें सारें ज्यांना डोळे मिटून आठवतें, त्यांना ज्या पक्ष्याची हकीकत आज सांगावयाची आहे त्याचें चित्र मनांत उभें करण्यास फारसे श्रम पडूं नयेत. कारण तो याच राघूचा चुलतभाऊ आहे. भेद एवढाच, कीं आपला राघू हिंदुस्थानापासून आफ्रिकेपर्यंत सुखानें नांदतो, आणि त्याचा हा भाऊबंद हिंदी महासागरांतील एकाच बेटावर, त्या बेटाच्याहि एका कोपऱ्यांतील रानांत राहतो. आणि एके काळीं त्याची सारी जात दोन हातांच्या बोटांवर मोजतां येत होती.

तें बेट म्हणजे मॉरिशस. त्याचें क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहूनहि कमी. ज्वालामुखीनें समुद्राच्या तळांतून वर काढलेली ही भूमि कधींहि कोणत्याहि खंडाला जोडलेली नव्हती. त्यामुळें जे जीव तेथें पोंचले ते उडून, लाटांवर वाहून किंवा वाऱ्यावर स्वार होऊनच पोंचले, आणि पोंचल्यावर शत्रूचें नांवहि न ऐकतां पिढ्यान् पिढ्या वाढले. वटवाघळें सोडलीं तर मूळचा एकहि सस्तन प्राणी त्या बेटावर नव्हता. उंदीर नाहीं, मांजर नाहीं, माकड नाहीं. अशा निर्धास्त भूमींत डोडो हा पक्षी उडणेंच विसरला, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. राघूचा पूर्वजहि असाच केव्हां तरी समुद्र ओलांडून आला आणि तेथील रानाचा झाला. तो उडणें विसरला नाहीं. मात्र त्या रानावांचून राहण्याची विद्या विसरला, असें म्हणावें लागतें.

आपल्या राघूच्या शेजारीं त्याला बसविला, तर जाणकाराला फरक चटकन् दिसेल. हा अंगानें जरा भरदार, शेंपटीनें आंखूड, पंख रुंद आणि टोंकांशीं गोलसर. हिरवा रंग पोपटी नसून पाचूसारखा गर्द. नराच्या गळ्यावर काळा पट्टा आणि त्याला लागून गुलाबी पट्टा, मानेच्या मागें निळसर झांक, वरची चोंच लालभडक. मादीच्या गळ्याशीं मात्र गुलाबी रंगाचा मागमूस नाहीं, आणि तिची चोंच असते काळी. आपल्याकडे राघू काय आणि मैना काय, दोघांचीहि चोंच लालच; तेव्हां काळ्या चोंचीची ही मादी प्रथम पाहणाराला वेगळ्याच जातीची वाटल्यास नवल नाहीं. त्याहून गंमत पिलांची. घरट्यांतून बाहेर पडतें तेव्हां पिलूं नर असो वा मादी, त्याची चोंच बापाप्रमाणें तांबूस असते. दोन-तीन महिन्यांत ती काळी पडते, आणि पुढें नर वयांत येतांना त्याची पुन्हां लाल होते. आवाजहि निराळा. आपल्या राघूची किंकाळी तीक्ष्ण. याचा स्वर खोल, अनुनासिक, 'चा-चा, चा-चा' असा.

बेटावरचे लोक आपल्या क्रिओल बोलींत त्याला 'कातो-व्हेर', म्हणजे हिरवा पोपट, म्हणतात. विद्वानांनीं मात्र त्याला अधिक काव्यमय नांव दिलें. १८७६ सालीं आल्फ्रेड व एडवर्ड न्यूटन या दोघां बंधूंनीं त्याला 'एको' असें नांव दिलें. ग्रीक पुराणांत एको नांवाची एक वनदेवता आहे; ती झिजत झिजत शरीरानें नाहींशी झाली आणि रानांत तिचा केवळ आवाज, म्हणजे प्रतिध्वनि, उरला. नांव ठेवणारांना भविष्य ठाऊक होतें असें नाहीं. परंतु पुढच्या शंभर वर्षांत तें नांव अक्षरशः खरें ठरण्याच्या बेतांत आलें.

तसें होणें अशक्य होतें असेंहि कोणीं समजूं नये. मॉरिशस, रेयुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन शेजारी बेटांवर एके काळीं पोपटांच्या कितीतरी जाती होत्या. मॉरिशसवरच मोठ्या डोक्याचा, रुंद चोंचीचा एक अवाढव्य पोपट होता; तो डोडोच्याच शतकांत, म्हणजे सतराव्या शतकांत, नाहींसा झाला. रॉड्रिग्जवर निळसर रंगाचा एक देखणा पोपट होता. त्याचा शेवटचा नमुना १८७५ सालीं मिळाला, आणि त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. रेयुनियनवरचा राघू तर मॉरिशसच्या राघूचा सख्खाच म्हणावा इतका जवळचा, तोहि गेला. एकेक दिवा विझावा तसे हे सारे विझले, आणि त्या सबंध द्वीपसमूहाच्या मूळच्या पोपटांपैकीं मॉरिशसचा राघू तेवढा उरला.

तो कां उरला आणि मग कां उरेनासा झाला, हें समजण्यासाठीं त्याच्या रानांत शिरलें पाहिजे. या रानांतलीं झाडें मराठी माणसाला अगदींच परकीं नाहींत. कोंकणांत जिच्या बियांच्या तेलावर पूर्वीं दिवे जळत त्या उंडीची एक बहीण तेथें आहे. आपल्या बकुळीच्या जातीचे दोन वृक्ष आहेत. धुपाच्या कुळांतला एक आहे. आणि ज्याच्या काळ्याभोर लांकडासाठीं डच लोक वेडे झाले तो अबनूस आपल्या टेंभुर्णीचाच भाऊबंद. राघू या झाडांचीं फळें, बिया, कळ्या, कोंवळीं पानें, वेळप्रसंगीं सालहि खातो. ऋतु बदलेल तसें झाड बदलावयाचें, हा त्याचा वर्षाचा क्रम. परंतु खाण्याहूनहि राहण्याचा प्रश्न बिकट. सुताराप्रमाणें लांकूड कोरून घर करणें पोपटाला येत नाहीं. त्याला आयती ढोली लागते, आणि तीहि उंच, खोल व कोरडी. अशी ढोली पन्नास वर्षांच्या झाडांत होत नाहीं. फांदी मोडावी, तेथें पाणी मुरावें, गाभा हळूहळू कुजावा आणि तरीहि खोड उभें राहावें, याला शतकें लागतात. जुनें झाड म्हणजेच या पक्ष्याचें घर. आणि जुनीं झाडेंच पहिल्यानें तोडलीं गेलीं.

डच खलाशी १५९८ सालीं बेटावर उतरले आणि १६३८ सालीं त्यांनीं वसाहत केली. अबनूस तोडून नेणें हा त्यांचा उद्योग. ऊंस आणि जाव्हांतील हरिणें त्यांनींच १६३९ सालीं आणलीं. १७१० मध्यें ते बेट सोडून गेले. मग फ्रेंच आले, आणि १८१० सालीं इंग्रज. राज्यकर्ते बदलले तरी कुऱ्हाड एकच राहिली. इंग्रजी अमलांत साखरेला भाव आला आणि सपाटीवरचें सारें रान उंसाखालीं गेलें. बेटावर आज चांगल्या स्थितींत उरलेलें मूळचें अरण्य दोन टक्क्यांहूनहि कमी आहे. तेंहि मुख्यतः नैर्ऋत्येकडील काळ्या नदीच्या दऱ्यांत, जेथें नांगर चालत नव्हता म्हणून वाचलेलें.

याच साखरेसाठीं १८३४ पासून पुढें हिंदुस्थानांतून साडेचार लाखांहून अधिक मजूर करारानें मॉरिशसला नेण्यांत आले. बहुतेक उत्तरेकडचे व मद्रासकडचे. परंतु मुंबई बंदरांतून कोंकणांतलीं व देशावरचींहि माणसें गेलीं, आणि त्यांच्या वंशजांची जुनी वस्ती काळ्या नदीच्या त्या बाजूस अजून आहे. गणेशचतुर्थीला सबंध बेटाला सुट्टी असते, ती त्यांच्यामुळें. ऊंस त्यांनीं लावला, म्हणून रान तोडल्याचा दोष त्यांच्या माथीं मारणें हें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांना स्वतःच्या झोंपडीचेंहि ठिकाण निवडतां येत नव्हतें, त्यांनीं डोंगराचें ठिकाण काय निवडावें?

माणसांप्रमाणेंच हिंदुस्थानांतले पशुपक्षीहि तेथें गेले, आणि त्यांची हकीकत मात्र या राघूच्या दृष्टीनें बरी नाहीं. १७६२ सालीं फ्रेंचांनीं टोळधाडीवर उपाय म्हणून आपली साळुंकी नेली. शेतांतले किडे वेंचण्यासाठीं नेलेली साळुंकी लौकरच रानांत शिरली, आणि राघूच्या ढोलींत आधीं जाऊन बसूं लागली. १८९२ मध्यें आपला शिपाई बुलबुल गेला. रानांत माजलेल्या परक्या झुडपांचें बीं तो दूरवर पसरवितो. १८९९ सालीं प्लेगानें बेट गांठलें, तेव्हां उंदरांच्या नाशासाठीं मुंगूस आणण्यांत आला. उंदीर होते तेथेंच राहिले आणि मुंगूस पक्ष्यांवर पुष्ट झाला. आणि १८८६ च्या सुमारास पिंजऱ्यांतून गेला तो प्रत्यक्ष आपला राघू. तो सुटला, शेतांत व गांवांत पसरला, आणि थोड्याच काळांत बेटावर 'पोपट' म्हटलें म्हणजे लोकांना तोच दिसूं लागला. मूळच्या राघूला रान पाहिजे. याला बाग चालते, शेत चालतें, रस्त्याकडेचें झाड चालतें. घरांतला मोठा मुलगा कोपऱ्यांत बसावा आणि पाहुण्यानें ओसरी अडवावी, असा हा प्रकार झाला.

याशिवाय जुने शत्रु होतेच. जहाजांतून उतरलेले उंदीर अंडीं व पिलें खात. जाव्हाकडचीं माकडें, खलाशांनीं तीनचारशें वर्षांपूर्वीं आणून सोडलेलीं, घरट्यांत हात घालीत. लहान तांबड्या फळांचा ब्राझिली पेरू रानाच्या तळाशीं इतका दाट माजला, कीं मूळच्या झाडांचें रोपटें उजेडाला तोंडच काढूं शकेना. १९६० च्या फेब्रुवारींत 'कॅरोल' नांवाचें आणि १९७५ च्या फेब्रुवारींत 'जर्व्हेज' नांवाचें अशीं दोन भयंकर वादळें बेटावरून गेलीं. उंच, जुनीं, पोकळ झाडें तीं सर्वांआधीं पडलीं. त्यांतच १९७० नंतरच्या दशकांत माथ्यावरचें पुष्कळसें रान पाइन वृक्षांच्या लागवडीसाठीं साफ करण्यांत आलें. राघूच्या वर्षभराच्या शिध्यांतले कांहीं महिनेच यामुळें नाहींसे झाले.

१९८० नंतरच्या मध्यावर मोजदाद झाली तेव्हां आठ ते बारा पक्षी भरले. त्यांत माद्या तर तीनच असाव्यात, असा अंदाज होता. जगांतल्या सर्व पोपटांत त्या वेळीं याच्याइतका दुर्मिळ दुसरा क्वचितच असेल.

आतां या गोष्टींत एक माणूस येतो. कार्ल जोन्स नांवाचा एक वेल्श तरुण १९७९ सालीं मॉरिशसला आला, तो काम सुरू करण्यासाठीं नव्हे, तर गुंडाळण्यासाठीं. आंतरराष्ट्रीय पक्षिसंरक्षण परिषदेनें त्याला पाठवितांना बजावलें होतें, कीं तेथील योजना आवरून सरकारच्या हवालीं करावी. परिषदेचेंहि सर्वस्वीं चुकत होतें असें नाहीं. पैसा थोडा, मरणोन्मुख जाती पुष्कळ. जेथें कांहीं साधेल तेथें तो खर्चावा, हा हिशोबी विचार. मॉरिशसमध्यें तर राघूबरोबर ससाण्याच्या जातीचा एक छोटा शिकारी पक्षीहि होता, त्याचे १९७४ सालीं अवघे चार जीव माहीत होते. आणि गुलाबी रंगाचें एक कबूतर होतें, तें पुढें १९९० मध्यें रानांत नऊ-दहावर आलें. जोन्सनें योजना गुंडाळली नाहीं. तो राहिला, आणि त्याचें राहणें चाळीस वर्षांहून अधिक लांबलें. हे तिन्ही पक्षी आज जिवंत आहेत, याचें श्रेय त्याला व त्याच्या सोबत्यांना आहे. त्यांत जेराल्ड ड्युरेलची जर्सी बेटावरील संस्था, १९८४ मध्यें स्थापन झालेली मॉरिशसची वन्यजीवसंस्था आणि तेथील सरकारचें वनखातें, सारींच आलीं.

राघूच्या बाबतींत त्यांनीं केलें काय, हें ऐकण्यासारखें आहे. कारण त्यांत दिपवून टाकणारें असें कांहींच नाहीं. तें बाळंतिणीच्या खोलींतलें काम आहे.

राघूची मादी दोन ते चार अंडीं घालते. तीन-साडेतीन आठवडे ती त्यांवर बसून राहते, आणि या काळांत नर तिला रानांतून आणून भरवितो. कधीं कधीं एका मादीपाशीं दोन-तीन नरहि दिसतात व तेहि भरविण्यास हातभार लावतात. माद्यांची टंचाई पडल्यामुळें हा रिवाज पडला कीं मुळांतच होता, यावर विद्वानांत चर्चा आहे. पिलें फुटलीं, तरी रानांतल्या तुटपुंज्या अन्नावर बहुधा एकच जगतें. धाकटीं उपाशीं मरतात. म्हणजे निसर्गाच्या हिशोबांत जीं पिलें जाणारच, तीं आधींच उचललीं तर आईबापांचें कांहीं जात नाहीं, आणि जातीचा मोठा फायदा होतो. हा साधा विचार सर्व कामाच्या मुळाशीं होता. दोरखंडानें पंधरा-वीस मीटर उंच झाडावर चढावें, ढोलींत हात घालावा, एक पिलूं आईपाशीं ठेवावें आणि बाकीचीं खालीं आणावीं. ज्या जोडप्याचीं अंडीं वांझ निघालीं वा पिलें मेलीं, त्याच्या ढोलींत त्यांतलें एक नेऊन ठेवावें. पक्षिणीला मोजदाद येत नाहीं. तीं परकीं पिलें आपलींच समजून वाढवीत. उरलेलीं पिलें काळ्या नदीकांठच्या पक्षिगृहांत हातानें भरवून वाढवावयाचीं. दर दोन-तीन तासांनीं कोंबट पातळ घांस, तोहि बेताचा. जास्त झाला तर पोटांत आंबतो, थंड झाला तर पचत नाहीं. ज्यांनीं घरीं आईवेगळें पाखरूं जगविण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना यांतल्या जागरणांची कल्पना येईल. या विद्येचा पहिला अभ्यास तेथें कोणावर झाला? आपल्याच राघूवर! चुकून एखादा दगावला तरी जात बुडत नाहीं, म्हणून पाहुण्या राघूंवर हात बसवून घेतला आणि मग मूळच्या राघूचीं पिलें हातीं घेतलीं. ज्यानें ओसरी अडविली, त्यानेंच अशी दाईची शिकवणी दिली.

झाडांभोंवतींहि बंदोबस्त झाला. खोडांना गुळगुळीत पत्रे गुंडाळले, म्हणजे उंदराची नखें घसरावीं. शेजारच्या फांद्या छाटल्या, म्हणजे माकडाला उडी मारतां येऊं नये. ढोलींत पावसाचें पाणी सांचून पिलें बुडत, म्हणून तोंडावर झड बांधली. पिलांचें रक्त पिणारी एक माशी होती, तिच्यासाठीं ढोलींत औषध टाकलें. साळुंक्यांना वारंवार हुसकावलें. प्रत्येक घरट्याचा असा पहारा ठेवण्यांत वर्षें गेलीं, आणि आंकडा दहाचा वीस, विसाचा पन्नास असा मुंगीच्या पावलानें चढला.

एक अडचण मात्र माणसांच्या हुशारीनें सुटेना. रानांत फळें कमी पडत त्या दिवसांसाठीं दाण्याच्या पेट्या टांगल्या. रानचे राघू त्यांकडे वर्षानुवर्षें ढुंकूनहि पाहीनात. लांकडी घरटीं टांगलीं. तींहि ओस पडलीं. सवय नसलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा त्यांचा बाणा. १९९७ सालीं पक्षिगृहांत वाढलेले पहिले राघू रानांत सोडले, आणि तेथून चित्र पालटलें. माणसाच्या हातचें खाऊन मोठे झालेले हे पक्षी पेटीवर बिनदिक्कत जाऊन बसत, आणि टांगलेल्या घरट्यांत जोडीनें संसार मांडीत. त्यांच्या या शहरी संवयींचा तोटाहि होता. कित्येक जण जमिनीवर निर्धास्त उतरले आणि मुंगसाच्या व मांजराच्या तोंडीं गेले. पण वांचलेल्यांना पाहून हळूहळू रानच्यांनींहि पेटीशीं मैत्री केली. पक्षी पक्ष्याकडून शिकला. तोंवर माणसानें नुसती वाट पाहिली. २००५ पर्यंत असे शंभराहून अधिक राघू सोडण्यांत आले.

आणि त्याच २००५ सालीं घाला पडला. पोपटांना एक सांसर्गिक रोग होतो. त्यांत पिसें झडतात, चोंच विद्रूप होते आणि अंगांतली प्रतिकारशक्ति जाते. पिलें त्याला विशेष बळी पडतात. हा रोग मॉरिशसच्या राघूंत दिसून आला. तो बेटावरच्या पाहुण्या राघूंतहि आहे. तेव्हां कोणी कोणाला दिला हा संशय कोणाकडे वळला असेल, हें सांगणें नको. ज्या हातांनीं पिलें एका घरट्यांतून दुसऱ्यांत फिरवून जात वांचविली, तेच हात आतां रोग पसरविण्याचें साधन ठरूं शकत होते. केलेल्या उपकाराला आळा घालणें हें उपकार करण्याहून कठीण. तरी तो निर्णय झाला. पिलांची अदलाबदल व हातानें वाढविणें थांबविण्यांत आलें. घरट्यांच्या पेट्या, दाणा आणि पहारा एवढेंच चालूं राहिलें, आणि त्यांतहि स्वच्छतेचे कडक नियम आले. रोगानें पुष्कळ पिलें गेलीं. जात मात्र गेली नाहीं. उलट वाढतच राहिली.

२०१९ मध्यें रानांत साडेसातशेंहून अधिक राघू होते. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या यादींत हा पक्षी २००७ पर्यंत अतिसंकटग्रस्तांत होता. त्या वर्षीं तो संकटग्रस्तांत व २०१९ सालीं त्याहून एक पायरी खालच्या, असुरक्षितांच्या, वर्गांत आला. १९९४ सालीं काळ्या नदीच्या दऱ्यांचें राष्ट्रीय उद्यान झालें. बेटाचा सुमारें साडेतीन टक्के भाग त्यांत येतो. एकाच रानांत सगळें वित्त ठेवणें धोक्याचें, एखादें 'कॅरोल' पुन्हां आलें तर काय, म्हणून २०१५ पासून पूर्वेकडील बांबू डोंगररांगेंतील फर्नेच्या दरींतहि कांहीं पक्षी नेऊन सोडण्यांत आले.

तरीहि एक गोष्ट उघडच आहे. राघू वाढले तसें रान वाढलेलें नाहीं. आज बरेचसे पक्षी टांगलेल्या पेट्यांत जन्मतात आणि टांगलेल्या पेट्यांतलें खातात. पिंजऱ्याला दार नाहीं एवढाच काय तो आपल्या जुन्या ओसरीशीं फरक, असें कोणी टीकाकार म्हणेल; आणि त्याला एकदम खोडून काढणें अवघड आहे. उत्तर द्यावयाचें तर तें रानाच्या तळाशींच पाहिलें पाहिजे. तेथें कुंपण घालून वेगळ्या काढलेल्या तुकड्यांत मजूर वांकून ब्राझिली पेरूचीं झुडपें मुळासकट उपटीत असतात. उपटलेल्या जागीं दोन पावसाळ्यांत पुन्हां तींच उगवतात, आणि पुन्हां तींच उपटलीं जातात. त्या मोकळ्या भुईवर उंडीच्या आणि बकुळीच्या बहिणींचीं रोपें आतां गुडघ्या-कमरेपर्यंत आलीं आहेत. त्यांना ढोली पडण्यास अजून दोनतीनशें वर्षें लागतील. तोंपर्यंत सुताराच्या हातच्या पेट्या बदलाव्याच लागणार. पावसांत त्या कुजतात.

या उद्यानाच्या कडेलाच गंगातलाव आहे. महाशिवरात्रीला बेटावरचे लाखों हिंदु यात्रेकरू खांद्यावर कावडी घेऊन दोन-दोन दिवस चालत तेथें येतात. त्यांत मराठी घरांतलीं माणसेंहि असतात. घांट चढून तो थवा माथ्यावर येतो, तेव्हां एका अंगाला उंसाची सपाटी मागें पडलेली असते आणि दुसऱ्या अंगाला रान सुरू होतें. सपाटीवरच्या तारांवर ओळीनें बसलेले, किंचाळणारे, ते आपले ओळखीचे राघू. रानाच्या बाजूनें येणारा 'चा-चा' हा खोल आवाज मात्र दुसऱ्याचा. त्या वर्षीं घरट्यांतून बाहेर पडलेल्या पिलांच्या तांबूस चोंची त्या सुमारास काळ्या पडूं लागलेल्या असतात.